एकच गाणं, दोन लेबलं: डॅरेल बँक्सच्या रेकॉर्डला साडेचौदा हजार पौंड कसे काय मिळाले

२०१४ साली इंग्लंडमध्ये एक सात इंची रेकॉर्ड लिलावात १४,५४३ पौंडांना विकली गेली. तेव्हाच्या दराने चौदा लाख रुपयांच्या वर. गाणं होतं 'ओपन द डोअर टू युअर हार्ट', गायक डॅरेल बँक्स, साल १९६६. आता गंमत बघा, हेच गाणं, हाच आवाज, हेच रेकॉर्डिंग, पण लेबल अमेरिकन असलेली रेकॉर्ड आजही जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काही डॉलरमध्ये मिळते, आणि ती काही फाटकीतुटकी नाही, चांगली वाजणारी मिळते. म्हणजे चौदा लाख कशाचे दिले? गाण्याचे तर नक्कीच नाहीत.

हे नीट समजून घ्यायचं तर तीन गोष्टी सोडवाव्या लागतात. साठच्या दशकात अमेरिकेत गाण्याचा धंदा कसा चालायचा, ब्रिटनमध्ये ते गाणं कसं पोचायचं, आणि डॅरेल बँक्स हा माणूस मुळात कोण होता. तिसरी गोष्ट लिलावाच्या बातम्यांमध्ये दोन ओळींत उरकतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

बँक्सचं खरं आडनाव यूबँक्स. जन्म १९३७, ओहायो राज्यातलं मॅन्सफिल्ड, आणि वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोमध्ये. बफलो म्हणजे न्यूयॉर्क शहर नव्हे हं, ते पार दुसऱ्या टोकाला, नायगाराजवळ, ईरी सरोवराच्या काठावर, तेव्हा पोलाद कारखान्यांचं गाव. तिथे चर्चमध्ये गॉस्पेल गात गात तो तयार झाला. सोल संगीत म्हणतात ते थोडक्यात हेच, चर्चमध्ये देवासाठी जो जीव तोडून गायचा तोच जीव प्रेयसीसाठी तोडायचा, खाली र्‍हिदम अँड ब्लूजचा ठेका, वर ब्रास. हे फारच ढोबळ झालं, जाणकार माफ करतील, पण बँक्सचा आवाज ऐकलात की पटेल. घशात थोडी खरखर, मध्येच शब्द मागे खेचून धरायची सवय, आणि विनवणी करतानाही ताठ कणा. रडका वाटत नाही कुठेच.

त्याची रेकॉर्ड निघाली डेट्रॉइटमधून. डेट्रॉइट म्हटलं की सगळे मोटाउन म्हणतात, म्हणजे तिथली सोल संगीताची सगळ्यात बडी रेकॉर्ड कंपनी, बरोबरच आहे, पण त्या शहरात मोटाउनच्या आजूबाजूला छोट्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचं मोहोळ होतं. कुणाच्या तळघरात स्टुडिओ, कुणाच्या गाडीच्या डिकीत माल, आणि वाजवणारे बरेचदा मोटाउनचेच पगारी वादक, जे रात्री गुपचूप दुसरीकडे जाऊन वाजवून यायचे. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डीला कळलं की दंड करायचा. एडविन स्टार या गायकाच्या 'एजंट डबल-ओ-सोल' या रेकॉर्डवर वाजवल्याबद्दल असा दंड झाला तेव्हा ती रेकॉर्ड काढणाऱ्या गोल्डन वर्ल्डच्या एड विंगेटने तो दंड स्वतःच्या खिशातून भरून टाकला म्हणतात. डेट्रॉइटच्या छोट्या लेबलांच्या रेकॉर्ड ऐकायला इतक्या भारी का वाटतात याचं निम्मं उत्तर या किश्श्यात आहे, कंपनी छोटी पण हात तेच.

रेव्हिलॉट हे असंच एक लेबल. त्यामागे होता लेबॅरन टेलर, जो डब्ल्यूसीएचबी या स्टेशनवर रेडिओ डीजे होता, आणि डॉन डेव्हिस, जो आधी गिटार वाजवायचा आणि नंतर निर्माता म्हणून फार मोठा झाला. रेडिओवर गाणी लावणाऱ्याचीच रेकॉर्ड कंपनी, हे आज ऐकायला विचित्र वाटतं, तेव्हा सर्रास चालायचं. याच रेव्हिलॉटवर १९६७ मध्ये जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट्स या ग्रुपचं 'टेस्टिफाय' गाजलं, आणि नंतर लेबल बसलं, नावाच्या हक्कांचा घोळ झाला, तेव्हा क्लिंटनने फंकाडेलिक नावाने दुकान मांडलं, पण तो वेगळाच विषय आहे, त्यात शिरलो तर बाहेर येणं कठीण.

तर १९६६ मध्ये 'ओपन द डोअर टू युअर हार्ट' आलं आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (म्हणजे र्‍हिदम अँड ब्लूज) चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं. मेन पॉप चार्टवर, म्हणजे हॉट हंड्रेडवर, २७ व्या नंबरवर थांबलं. हा फरक समजून घ्या. आर अँड बी चार्ट म्हणजे ढोबळमानाने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांची दुकानं आणि त्यांची रेडिओ स्टेशनं काय घेतायत, वाजवतायत त्याचा हिशेब. पॉप चार्ट सगळ्यांचा. एका चार्टवर दुसरा आणि दुसऱ्यावर सत्ताविसावा म्हणजे आपल्या लोकांनी डोक्यावर घेतलं पण दार पलीकडे अर्धवटच उघडलं. मोटाउनकडे ते दार उघडायची सगळी यंत्रणा होती, डिस्ट्रिब्युटर, टीव्ही, टूर, कपडे, अगदी चालायचं कसं हे शिकवणाऱ्या बाईसुद्धा. रेव्हिलॉटकडे होता एक डीजे आणि एक निर्माता.

आता पैशाचा भाग, आणि इथे जरा थांबू, कारण हा भाग कळला नाही तर नंतरचं काहीच कळणार नाही.

रेकॉर्डवर दोन प्रकारची माणसं असतात, गाणं लिहिणारा आणि गाणारा. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गाणाऱ्याला शून्य. आजही साध्या एफएम-एएम रेडिओपुरतं तिथे असंच आहे. मग रेकॉर्ड विकली गेली की? तेव्हाच्या कायद्यात १९०९ पासून ठरलेला दर होता, दर प्रतीमागे दर गाण्याला २ सेंट, आणि तो दर थेट १९७८ पर्यंत हलला नाही. हे २ सेंटसुद्धा लेखनाचे. रिवाजाने त्यातला एक पब्लिशरचा, एक गीतकाराचा. गायकाला कंपनीकडून जी रॉयल्टी मिळायची ती करारात लिहिलेली टक्केवारी, आणि त्यातून आधी स्टुडिओचा, वादकांचा खर्च वळता व्हायचा, त्यामुळे छोट्या लेबलच्या गायकाच्या हातात शेवटी काय पडायचं ते विचारू नका.

आणखी एक मजा. सात इंची रेकॉर्डला दोन बाजू. लोक विकत घेतात वरच्या बाजूच्या हिट गाण्यासाठी, पण खालच्या बाजूच्या गाण्यालाही तेवढेच २ सेंट मिळतात. म्हणून बी-साइडवर कुणाचं गाणं टाकायचं यावर कंपन्यांमध्ये डाव चालायचे. बँक्सच्या हिट रेकॉर्डची बी-साइड होती 'अवर लव्ह इज इन द पॉकेट', आणि तिच्या लेखनात वर सांगितलेल्या जॉर्ज क्लिंटनचं नाव आहे. म्हणजे माणसं विकत घेत होती दार उघडणारं गाणं, आणि तितकाच वाटा जात होता पाठीमागच्या गाण्याला. (गाणं चांगलं आहे हं, ज्या नॉर्दर्न सोलवाल्यांची गोष्ट पुढे येते त्यांना बरेचदा तेच जास्त आवडतं.)

म्हणजे गायकाला पैसे हवे असतील तर लेखनात नाव असणं गरजेचं. रेकॉर्डवर 'ओपन द डोअर'चा लेखक म्हणून बँक्सचंच नाव छापलेलं होतं. पण डॉनी एल्बर्ट नावाचा गायक-गीतकार, तोही बफलोत वाढलेला, तो म्हणाला की हे गाणं माझं आहे, मी ते 'बेबी वॉक राइट इन' म्हणून लिहिलं होतं. भांडण बराच काळ चाललं आणि शेवटी निम्मं श्रेय एल्बर्टला मिळालं. एल्बर्ट काही ऐरागैरा नव्हता, १९७१ मध्ये मोटाउनच्या सुप्रीम्स या गायिकांच्या ग्रुपचं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' त्याने आपल्या पद्धतीने गायलं आणि ते अमेरिकेत पॉप चार्टवर पहिल्या वीसात गेलं. कोण खरं कोण खोटं यात मी पडत नाही, दोघांचाही वाटा असणं अगदी शक्य आहे, चाल एकाची आणि तिला आलेला आकार दुसऱ्याचा असं गाण्यांत नेहमीच होतं. पण हिशेब करून बघा. २ सेंटातला गीतकाराचा एक, त्याचा अर्धा. समजा एक लाख प्रती खपल्या, तर बँक्सच्या वाट्याला ५०० डॉलर. बस. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गाण्याच्या लेखनाचे लाखामागे पाचशे, तेही कंपनीने प्रामाणिकपणे प्रती मोजल्या तर.

आता ब्रिटन. अमेरिकन छोट्या लेबलची गाणी ब्रिटनमध्ये यायची ती परवान्यावर. म्हणजे ब्रिटिश कंपनी मूळ टेप आणून तिथे स्वतःच्या लेबलखाली रेकॉर्ड छापायची. मोठे खेळाडू दोन, डेका आणि ईएमआय. डेकाचं अमेरिकन गाण्यांसाठीचं लेबल होतं लंडन, ईएमआयचं एक लेबल होतं स्टेटसाइड. 'ओपन द डोअर'चे हक्क आपल्याकडे आहेत असं समजून डेकाने लंडन लेबलवर रेकॉर्ड तयार केली, नंबरही दिला, एचएल १००७०. आणि मग कळलं की हक्क ईएमआयकडे गेलेत. रेकॉर्ड निघाली ती स्टेटसाइडवर, एसएस ५३६ म्हणून, आणि ब्रिटनमधल्या लोकांनी विकत घेतली, नाचले ती हीच. लंडनवाली माघारी घेतली, नष्ट केली असं धरलं गेलं.

पण रेकॉर्ड कंपनी गाणं बाजारात येण्याआधी थोड्या प्रती काढून रेडिओ, मासिकं, परीक्षक यांना पाठवते. त्यांना म्हणतात डेमो. लंडनच्या अशा काही डेमो प्रती आधीच बाहेर गेलेल्या होत्या, त्या कलेक्टरांना माहीत होत्या, महागही होत्या. दुकानात विकायला असते ती प्रत म्हणजे इश्यू किंवा स्टॉक कॉपी. लंडन लेबलची स्टॉक कॉपी म्हणजे अस्तित्वातच नाही अशी सगळ्यांची पक्की समजूत, वर्षानुवर्षं. आणि २०१४ मध्ये तीच एक बाहेर आली. मेल्टन मोब्रे या गावातल्या जॉन मॅनशिपने, जो या धंद्यातला सगळ्यात नावाजलेला डीलर, तिचा लिलाव केला आणि आकडा १४,५४३ वर गेला.

टपाल तिकिटं जमवणाऱ्या कुणाला विचारा, त्याला हे एका वाक्यात कळेल. १८५४ चं आपलं चार आण्याचं तिकीट, ज्यात राणीचं डोकं उलटं छापलं गेलं, ते जगातल्या महाग तिकिटांपैकी आहे आणि ते काही पत्र पोचवायला जास्त चांगलं नव्हतं. छपाईत चूक झाली आणि ती निसटली, किंमत त्या निसटण्याची. बँक्सच्या रेकॉर्डमध्येही चौदा लाख हे दोन ब्रिटिश कंपन्यांच्या कागदपत्रातल्या गोंधळाचे आहेत. बँक्सचा त्यात काडीचा संबंध नाही, त्याला कदाचित हे घडलं हेही कळलं नसेल.

पण मग प्रश्न येतो की गोंधळ तर हजार रेकॉर्डचे झाले असतील, सगळ्यांना कुठे इतके पैसे मिळतात. बरोबर. दुर्मिळ असून भागत नाही, कुणाला तरी ती हवी असावी लागते. आणि हवी असणारी माणसं तयार केली नॉर्दर्न सोलने.

नॉर्दर्न सोल हे नाव दिलं डेव्ह गॉडिन या पत्रकार-दुकानदाराने. त्याचं लंडनमध्ये कोव्हेंट गार्डनला सोल सिटी नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. उत्तर इंग्लंडमधले फुटबॉलचे फॅन मॅचसाठी लंडनला आले की दुकानात यायचे आणि मागायचे काय, तर नवा फंक नको, आम्हाला ते साठ-पासष्ट-सहासष्टचं, मोटाउनसारखं, वेगात चालणारं, नाचता येईल असं द्या. गॉडिनने दुकानातल्या पोरांना सांगून ठेवलं की उत्तरेकडचे आले की हा माल काढा, त्या मालाला नाव पडलं नॉर्दर्न सोल. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, स्टोकजवळचं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूलचं मेक्का, आणि सगळ्यात गाजलेलं विगन कसिनो, १९७३ ते १९८१. रात्रभर चालायचे हे नाच, दारू नाही, जमिनीवर टाल्कम पावडर टाकायची म्हणजे पाय घसरून गिरक्या घेता येतात, अंगात ढगळ पँटी, खांद्याला बदली कपड्यांची बॅग. आठवडाभर कारखान्यात राबणारी पोरं, आणि गाणी कुणाची, तर चार हजार मैलांवरच्या डेट्रॉइटच्या, तशाच कारखान्यांच्या गावातल्या माणसांची. हा योगायोग आहे की नाही यावर पोथ्या लिहिल्या गेल्यात. (आणि हो, रात्रभर जागायला गोळ्याही चालायच्या, ते लपवायचं कारण नाही, क्लब बंद पडले त्यात पोलिसांच्या धाडींचा मोठा हात.)

आता यात कलेक्टर कुठून आला? जुनं संगीत म्हणजे नवीन माल बनत नाही. मग डीजे वेगळा कसा ठरणार? तर कुणाकडेच नाही अशी जुनी रेकॉर्ड शोधून. त्यामुळे त्या वेळी अमेरिकेत आपटलेली, दोनचारशे प्रतींत संपलेली गाणी इथे सोन्याच्या भावाला गेली. इयन लेव्हिन नावाचा ब्लॅकपूलचा डीजे, घरच्यांबरोबर मायामीला सुट्टीला जायचा आणि हजारोंनी रेकॉर्ड घेऊन यायचा. आणि एकदा भारी रेकॉर्ड सापडली की दुसऱ्या डीजेला ती कळू नये म्हणून लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि गाण्याला, गायकाला खोटं नाव द्यायचं. याला म्हणतात कव्हर-अप. डान्स फ्लोअरवर पाचशे माणसं एखाद्याच्या गाण्यावर नाचतायत आणि जाहीर होतंय भलत्याचंच नाव.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फ्रँक विल्सन. त्याने १९६५ मध्ये मोटाउनसाठी 'डू आय लव्ह यू' गायलं, डेमो छापल्या गेल्या, पण मग गायक व्हायचं की निर्माता यात तो निर्माता झाला आणि रेकॉर्ड बाजारात आलीच नाही, डेमोही नष्ट केल्या, वाचल्या त्या बोटावर मोजण्याइतक्या. विगनला हे गाणं आधी एडी फॉस्टर अशा खोट्या नावाने वाजायचं. त्याची एक प्रत २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२० मध्ये एका प्रतीचे १,००,००० पौंड आले, कोटीच्या घरात. पण विल्सनचं बरं चाललं होतं, मोटाउनमध्ये तो निर्माता म्हणून मोठा झाला. बँक्सचं तसं नाही.

आणि इथे बँक्सची केस वेगळी पडते. नॉर्दर्न सोलचे बहुतेक हिरो म्हणजे अमेरिकेत कुणी न ऐकलेले. बँक्सचं गाणं तर दुसऱ्या नंबरवर गेलेलं, म्हणून तर अमेरिकन रेव्हिलॉटची प्रत स्वस्त आहे, भरपूर खपली होती! दुर्लक्षित झालं ते त्याच्या नंतरचं सगळं.

त्याआधी एक मिनिट, कारण लोक विचारतात की खरी प्रत ओळखतात कशी. तर रेकॉर्डवर शेवटचा गाण्याचा खाचा संपतो तिथून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. कलेक्टर पहिली नजर तिथे टाकतो, लेबल नंतर. त्या पट्ट्यात मॅट्रिक्स नंबर असतो, साच्यावर यंत्राने ठोकलेला किंवा हाताने सुईने कोरलेला. रेकॉर्ड कलती धरून दिव्याखाली फिरवली की तो चमकतो. सत्तरच्या दशकात नॉर्दर्नची मागणी वाढली तशा नकली प्रती खंडीभर निघाल्या, लेबल हुबेहूब, पण नकली माल बरेचदा दुसऱ्या रेकॉर्डवरूनच उतरवलेला, त्यामुळे साचा वेगळा, म्हणून जिथे ठोकलेला नंबर हवा तिथे हाताने खरडलेला दिसतो, किंवा आवाजात मूळ रेकॉर्डची खरखर आतच बसलेली ऐकू येते. मधलं भोकसुद्धा बघतात. अमेरिकन सात इंचीला मोठं भोक, ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकलं की गाणं लावणाऱ्या यंत्रासाठी. ब्रिटिशला छोटं, आणि मधला तुकडा तोडून काढता येईल असा. अनेक रेकॉर्डचा तो तुकडा ज्यूकबॉक्सवाल्यांनी काढून टाकलेला असतो, तो शाबूत असला तर भाव वर.

तर बँक्स पुढे. हिटनंतरची त्याची दुसरी रेकॉर्ड 'समबडी समव्हेअर नीड्स यू' आर अँड बी चार्टवर ३४ पर्यंत आणि पॉपमध्ये ५५ पर्यंत गेली, वाईट नाही पण उतार सुरू. मग तो अ‍ॅटको या लेबलवर गेला, म्हणजे अटलांटिकच्या घरात. ऐकायला बढती. १९६७ मध्ये 'डॅरेल बँक्स इज हिअर' हा अल्बम आला, त्यात आधीची रेव्हिलॉटची गाणीही घेतली. 'हिअर कम द टिअर्स', 'एंजल बेबी' अशी सिंगल्स आली. चालली नाहीत. १९६८ मध्ये अटलांटिकच्याच कॉटिलियन लेबलवर एक सिंगल. तेही नाही चाललं. त्याच काळात अटलांटिककडे अरीथा फ्रँकलिन होती, विल्सन पिकेट होता, प्रमोशनचा पैसा आणि लक्ष कुठे जाणार ते सांगायला नको. छोट्या लेबलवर तू एकटा राजा, मोठ्या लेबलवर रांगेत शेवटचा, हे अनेकांचं झालंय.

१९६९ मध्ये तो व्होल्टवर आला. व्होल्ट म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं लेबल, आणि तिथे त्याला नेणारा जुनाच माणूस, डॉन डेव्हिस, ज्याने तोवर स्टॅक्समध्ये जॉनी टेलरचं 'हूज मेकिंग लव्ह' हिट करून वजन कमावलं होतं. अल्बम आला 'हिअर टू स्टे'. आणि इथे पुन्हा नशीब. १९६८ मध्ये स्टॅक्स अटलांटिकपासून वेगळी झाली तेव्हा कळलं की जुन्या करारातल्या एका कलमामुळे आपल्या आजवरच्या गाण्यांचे हक्क अटलांटिककडेच राहणार. म्हणजे कंपनी आहे पण गोदाम रिकामं. ते भरायला स्टॅक्स चालवणाऱ्या अल बेलने १९६९ मध्ये एका झटक्यात २७ अल्बम आणि ३० सिंगल्स बाजारात ओतली. धंद्याच्या दृष्टीने धाडस भारी होतं, आणि त्यातूनच आयझॅक हेजचा 'हॉट बटर्ड सोल' मोठा झाला. पण ज्या वर्षी एकच कंपनी एवढा माल ओततेय त्या वर्षी पाचसहा सिंगल्स पडलेल्या गायकाच्या अल्बमकडे रेडिओवाले बघणार कधी?

माझं मत विचाराल तर बँक्सचं सगळ्यात चांगलं काम याच व्होल्टच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. 'जस्ट बिकॉज युअर लव्ह इज गॉन' ऐका. संथ गाणं, मागे व्हायोलिनं, आणि आवाज असा की माणूस भांडून झाल्यावर, दमल्यावर बोलतोय. 'नो वन ब्लाइंडर' तसंच. नॉर्दर्न सोलच्या नाचाला ही गाणी उपयोगाची नाहीत, त्यामुळे ज्या बाजाराने बँक्सचं नाव जिवंत ठेवलं त्याच बाजाराने त्याचा अर्धा आवाज बाजूला ठेवला. अशा संथ, खोल गाण्यांनाही नाव डेव्ह गॉडिननेच दिलं, डीप सोल, पण डीप सोलवाल्यांची जमातच छोटी, तिथे लिलावात हातघाई होत नाही.

फेब्रुवारी १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये बँक्सला गोळी लागली. त्याचं ज्या बाईवर प्रेम होतं तिच्यावरून एका पोलिसाशी, जो तेव्हा ड्युटीवर नव्हता, वाद झाला आणि त्या पोलिसाने गोळी झाडली. बँक्स ३२ वर्षांचा होता. मिशिगनमधल्या वॉरनच्या डेट्रॉइट मेमोरियल पार्कमध्ये त्याला पुरलं, कबरीवर नावाचा दगडही नव्हता, तो फार वर्षांनी चाहत्यांनी वर्गणी काढून बसवला. अख्ख्या कारकिर्दीत दोन अल्बम आणि मोजकी सिंगल्स. विगन कसिनो अजून उघडायचं होतं.

मग त्या १४,५४३ पौंडांतले बँक्सच्या माणसांना किती? काहीच नाही. रेकॉर्ड एकदा विकली की ती घेणाऱ्याची मालमत्ता, पुढे ती कितीला विकली जाते त्यात गायकाचा, गीतकाराचा, कंपनीचा, कुणाचाच हिस्सा नसतो. चित्रांच्या बाबतीत ब्रिटनसकट बऱ्याच देशांत कायदा आहे की चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना टक्का द्यायचा, पण तो कायदा चित्रांसारख्या कलाकृतींपुरता, रेकॉर्डला तो लागू नाही. दुसऱ्या बाजूने, कलेक्टरांना नुसतं शिव्या घालणंही बरोबर नाही, कारण या वेड्या लोकांनी विचारपूस केली नसती तर जुन्या टेप कुणी शोधल्या नसत्या, सीडीवर त्याची गाणी निघाली नसती, दगडही बसला नसता. जुनी गाणी नव्याने निघाली, स्ट्रीमिंगवर आली की लेखनाचा वाटा तरी कायद्याने वारसांकडे जाऊ शकतो. लिलावाच्या हातोड्यातून मात्र दमडी नाही.

ऐकायचं असेल तर काहीच जमवायची गरज नाही, सगळं ऑनलाइन आहे. आधी 'ओपन द डोअर' ऐका, मग त्याची बी-साइड, आणि मग नाचाचं सगळं सोडून थेट 'हिअर टू स्टे'वर या. विनाइलच हवी असेल तर रेव्हिलॉटची अमेरिकन प्रत घ्या, मोठ्या भोकाची, त्यासाठी प्लास्टिकचा अडॅप्टर लागेल तो दुकानदार बहुतेक फुकट देतो.